साखळी थांबते कुठे? मोनोमरपासून पॉलिमरपर्यंतच्या प्रश्नाचा आढावा

इथिलीन हा वायू. त्याचे दोन रेणू जोडले की ब्युटीन होते, तेही वायूच. पंधरा-वीस जोडले की मेणासारखा पदार्थ हाती येतो. काही हजार जोडले की भाजीची पिशवी किंवा पाण्याची टाकी होते आणि लाखाच्या पुढे गेले की कृत्रिम खुब्याच्या वाटीत वापरतात ते चिवट प्लास्टिक. घटक तोच आणि जोडणीही जवळपास तीच. फरक लांबीचा आहे. ही लांबी ठरते कशाने, ती हवी तितकीच ठेवता येते का आणि एकदा वाढलेली साखळी परत मोकळी करता येते का, या तीन प्रश्नांभोवती पॉलिमर रसायनाची शंभर वर्षे गेली. त्यांतले काय सुटले आणि काय अजून वादात आहे, याचा हा आढावा.

सगळ्या उत्तरांच्या तळाशी एक समान विचार आहे. मोनोमर जोडले जाण्यात फारसे गूढ नाही. लांबी ठरते ती साखळी कशामुळे थांबते यावर. खाली मांडलेला प्रत्येक पक्ष या थांबण्याचे वेगळे कारण पुढे करतो.

पार्श्वभूमी: लांब रेणू असतात तरी का?

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रबर, सेल्युलोज, रेशीम हे पदार्थ लहान रेणूंचे पुंजके आहेत, असे बहुतेक रसायनशास्त्रज्ञ मानत. हे पुंजके दुय्यम बलांनी एकत्र राहतात, अशी समजूत होती. तिला आधारही होता. क्ष-किरणांनी मोजलेली स्फटिकाची एकक-पेटी लहान निघे, आणि तिच्याहून मोठा रेणू तिच्यात मावणार कसा, असा रास्त प्रश्न होता. १९२० मध्ये हेरमान स्टाउडिंगर यांनी याच्या उलट मांडणी केली: हे पदार्थ म्हणजे नेहमीच्या सहसंयुज बंधांनी जोडलेल्या खऱ्याखुऱ्या लांब साखळ्या आहेत. १९२६ मध्ये ड्युसेलडॉर्फच्या सभेत दोन्ही पक्ष समोरासमोर आले. स्वीडनमध्ये स्वेडबर्ग यांच्या अतिवेगवान अपकेंद्रित्राने प्रथिनांचे रेणुभार हजारोंच्या घरात मोजले. एकक-पेटीत साखळीचा फक्त एक तुकडा असू शकतो हेही पटू लागले आणि वाद स्टाउडिंगर यांच्या बाजूने झुकला. त्यांना नोबेल मिळाले ते १९५३ मध्ये.

साखळ्या असतात हे मान्य झाल्यावर पुढचा प्रश्न होता त्या मुद्दाम घडवण्याचा. ड्यूपाँ कंपनीत वॉलेस कॅरोथर्स यांनी १९२९ च्या सुमारास एकेक पायरीने लांब रेणू बांधायला घेतले. १९३३ मध्ये इंग्लंडच्या आयसीआय कंपनीत इथिलीनवर प्रचंड दाब देताना भांड्यात पांढरा मेणासारखा थर आढळला. तो पॉलिथिलीनचा होता. या दोन घटनांतून साखळी घडण्याच्या दोन वेगळ्या रीती पुढे आल्या.

ठाणे–बेलापूर पट्ट्यात हा प्रश्न कसा आला

महाराष्ट्रात हे रसायन कारखान्याच्या पातळीवर आले ते मुंबईच्या खाडीच्या दोन्ही काठांवर. अलीकडे, ट्रॉम्बेला, युनियन कार्बाइडचा नाफ्था क्रॅकर साठच्या दशकात सुरू झाला. पलीकडे, ठाणे–बेलापूर रस्त्यावर, मफतलाल समूह आणि शेल यांनी १९६१ मध्ये स्थापन केलेल्या नोसिलचा क्रॅकर १९६८ च्या सुमारास चालू झाला. त्याच पट्ट्यात जर्मनीच्या हेक्स्टच्या सहकार्याने पॉलिओलेफिन्स इंडस्ट्रीज ही कंपनी उभी राहिली आणि देशात उच्च घनतेचे पॉलिथिलीन बनू लागले. नवी मुंबई वसवण्यासाठी सिडकोची स्थापना झाली ती त्यानंतर, १९७० मध्ये. म्हणजे शहराआधी इथे साखळ्या घडत होत्या.

क्रॅकर आणि पॉलिथिलीनचा कारखाना या जोडीकडे पाहिले तर विषयाची रूपरेषा एका नजरेत दिसते. क्रॅकर नाफ्थ्यातल्या मध्यम लांबीच्या साखळ्या तापवून तोडतो आणि दोन कार्बनांचे इथिलीन मिळवतो. शेजारचा कारखाना तेच इथिलीन पुन्हा जोडून हजारोंची साखळी करतो. नोसिलचा क्रॅकर पुढे बंद झाला. ती कंपनी आता टायर आणि रबराच्या वस्तूंसाठी लागणारी रसायने बनवते. त्यांतली काही रबराच्या साखळ्यांना गंधकाचे पूल बांधायला मदत करतात. पॉलिमरचे मोठे उत्पादन रायगडात सरकले. पाताळगंगेला रिलायन्सचा पॉलिएस्टरचा कारखाना १९८२ मध्ये सुरू झाला, आणि नागोठण्याला आयपीसीएलचा गॅस क्रॅकर त्या दशकाच्या अखेरीस.

पहिली रीत: पायरी-पायरीने

पॉलिएस्टर आणि नायलॉन या रीतीने बनतात. प्रत्येक मोनोमरला दोन टोके असतात आणि कोणतेही टोक जुळणाऱ्या कोणत्याही टोकाला जोडले जाऊ शकते. एक-एक मिळून दोन, दोन-दोन मिळून चार, चार आणि तीन मिळून सात. इथे लांब साखळी सहजासहजी मिळत नाही. कॅरोथर्स यांच्या समीकरणानुसार सरासरी लांबी म्हणजे एकास न जुळलेल्या टोकांच्या हिश्श्याने भागणे. ९५ टक्के टोके जुळली तर सरासरी लांबी २०. ९९ टक्क्यांना १०० आणि ९९.५ टक्क्यांना २००. नेहमीच्या सेंद्रिय रसायनात ९५ टक्के उत्पन्न म्हणजे उत्तम काम. इथे त्यातून धागा ओढता येत नाही. शिवाय दोन मोनोमरांचे प्रमाण एक टक्क्याने बिघडले तरी, सगळी अभिक्रिया पूर्ण झाल्यावरही, लांबी २०० च्या वर जात नाही. जास्तीचा मोनोमर प्रत्येक टोकाला बसतो आणि पुढे जोडायला काही उरत नाही.

साखळी थांबण्याचे दुसरे कारण बाहेर पडणारा लहान रेणू. एस्टर बंध तयार होताना पाणी किंवा ग्लायकॉल सुटते आणि तेच बंध परत तोडू शकते. म्हणून १९३० मध्ये कॅरोथर्स यांच्या गटाने निर्वात भांड्यात पाणी ओढून काढले, तेव्हा कुठे ओढता येईल असा धागा मिळाला. आजच्या पॉलिएस्टर कारखान्यातही शेवटच्या अभिक्रियापात्रात २८० अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान आणि तीव्र निर्वात ठेवावा लागतो. बाटलीसाठी याहून लांब साखळी हवी असते. मग दाणे वितळबिंदूच्या खाली, साधारण २०० ते २२० अंशांना, नायट्रोजनच्या प्रवाहात तासन्‌तास ठेवतात. घन अवस्थेतच टोके एकमेकांना शोधतात आणि लांबी वाढते.

या घन अवस्थेच्या रीतीत पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने महत्त्वाचे काम केले. रघुनाथ माशेलकर संचालक असताना, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, पॉलिकार्बोनेट घन अवस्थेत वाढवण्यावरचे तिथले पेटंट अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकने परवान्यावर घेतले. प्रचलित पद्धतीला फॉस्जीन हा विषारी वायू लागे. वितळ आणि घन अवस्थेच्या मार्गाने तो टाळता येतो.

दुसरी रीत: एका टोकाने, झपाट्याने

पॉलिथिलीन, पॉलिस्टायरीन, पीव्हीसी या रीतीने घडतात. मोनोमर आपसांत जुळत नाहीत. आधी एक सक्रिय टोक तयार व्हावे लागते. ते टोक एकामागून एक मोनोमर घेत जाते. हे टोक रॅडिकल, म्हणजे एकटा इलेक्ट्रॉन असलेले, असेल तर एका साखळीचे आयुष्य सेकंदभराच्या आसपास असते, आणि तेवढ्यात हजारो घटक जोडले जातात. त्यामुळे अभिक्रिया दहा टक्केच झालेली असली तरी भांड्यात पूर्ण लांबीच्या साखळ्या आणि उरलेला मोनोमर, असे दोनच गट दिसतात.

थांबणे इथे तीन प्रकारे होते. दोन सक्रिय टोके एकमेकांना भेटून विझतात. किंवा टोक दुसऱ्या रेणूकडून हायड्रोजन ओढून घेते. ही साखळी संपते आणि नवी सुरू होते. किंवा टोक आपल्याच मागच्या भागातला हायड्रोजन ओढते आणि तिथून फांदी फुटते. आयसीआयच्या पॉलिथिलीनमध्ये हा तिसरा प्रकार भरपूर होतो. म्हणूनच ते कमी घनतेचे, मऊ असते.

उत्प्रेरकाने लांबी कशी बदलते याचा सर्वात बोलका दाखला मात्र जर्मनीतल्या म्युल्हाइमचा. कार्ल झिग्लर अ‍ॅल्युमिनियमच्या संयुगावर इथिलीनचे घटक वाढवत होते. एका प्रयोगात साखळी वाढलीच नाही, सगळे ब्युटीन मिळाले. भांड्यात निकेलचा अंश राहिला होता. निकेल साखळी दोनावरच तोडते, मग दुसरे धातू काय करतील, हे त्यांच्या गटाने एकेक तपासले. झिर्कोनियम आणि टायटॅनियमने उलटे केले: साध्या दाबाला लांब, सरळ साखळ्या. हे १९५३ मध्ये घडले. हेक्स्टने ही पद्धत कारखान्यात आणली, आणि ठाणे–बेलापूर रस्त्यावर आलेले तंत्र हेच. पॉलिमरमधली लहान आणि लांब साखळी बऱ्याचदा एकाच उत्प्रेरकाच्या कुळातून येतात, हे त्यातून कळले. वाढीचा वेग आणि तुटण्याचा वेग यांचे गुणोत्तर काय, यावर सगळे अवलंबून. कारखान्यात हे गुणोत्तर हायड्रोजनने राखतात. थोडा हायड्रोजन वाढवला की साखळ्या आखूड होतात आणि दाण्याचा मेल्ट फ्लो, म्हणजे वितळल्यावर वाहण्याचा वेग, वाढतो.

तिसरी रीत: न थांबणारी साखळी

१९५६ मध्ये मायकेल श्वार्त्स यांनी दाखवले की पाणी, हवा आणि प्रोटॉन देणारे काहीही भांड्यात नसेल तर ऋणभारित टोक विझतच नाही. मोनोमर संपला की साखळी थांबते, नवा घातला की पुन्हा वाढते. सगळ्या साखळ्या एकदम सुरू झाल्या असतील तर लांबी जवळपास सारखी येते, आणि ती मोनोमर व आरंभक यांच्या गुणोत्तराने आधीच ठरवता येते. ही ‘जिवंत’ साखळी. तिची अट कडक होती: काटेकोर शुद्धता. १९९५ मध्ये तांब्याच्या संयुगांनी आणि १९९८ मध्ये ऑस्ट्रेलियातून आलेल्या गंधकाच्या संयुगांनी रॅडिकललाही असे आवरून धरता येऊ लागले. पण तांब्याचा अंश काढावा लागतो, गंधकाने रंग-वास येतो आणि खर्च चढतो. त्यामुळे प्रयोगशाळेत क्रांती आणि बाजारात मोजकी खास उत्पादने, अशी आजची स्थिती आहे.

वादाचे मुद्दे

पहिला वाद: लांब रेणू सावकाश वागतो का? रेणू मोठा झाला की त्याचे टोक मंद होईल, असे तीसच्या दशकात अनेकांना वाटे. पॉल फ्लोरी यांनी उलट गृहीत धरले: टोकाची क्रियाशीलता साखळीच्या लांबीवर अवलंबून नसते. साखळीचा मध्य सावकाश सरकला तरी टोक आसपास वळवळतच असते. या गृहीतकासाठी १९५३ च्या ग्रंथात त्यांनी जे आकडे घेतले, त्यांतले एक काम भारतात झालेले होते. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत भिडे आणि सडबरो यांनी १९२५ मध्ये निरनिराळ्या लांबीच्या मेदाम्लांची अल्कोहोलशी अभिक्रिया मोजली. अ‍ॅसेटिक आणि प्रोपिऑनिक आम्लानंतर वेग खाली आला आणि मग साखळी कितीही वाढली तरी जवळपास तिथेच राहिला. फ्लोरी यांचे साखळ्यांच्या लांबीच्या विखुरणाचे सगळे गणित या स्थिरतेवर उभे आहे. त्यातून एक चमत्कारिक निष्कर्षही निघतो: पायरीच्या रीतीत कोणत्याही टप्प्यावर संख्येने सर्वात जास्त असतो तो एकटा मोनोमरच.

आज हे गृहीतक पायरीच्या रीतीसाठी बहुतांशी मान्य आहे. दोन रॅडिकल भेटून विझतात त्या अभिक्रियेत मात्र लांबीचा परिणाम होतो, हे मोजमापांनी दाखवले. घट्ट होत गेलेल्या माध्यमात लांब टोके भेटतच नाहीत. विझणे मंदावते आणि अभिक्रिया अचानक वेग घेते. हा परिणाम किती आणि कोणत्या सूत्राने मांडायचा, यावर एकमत नाही.

दुसरा वाद कड्यांचा. साखळीची दोन टोके आपापसांतच जुळली तर कडी होते आणि वाढ थांबते. १९५० मध्ये जेकबसन आणि स्टॉकमायर यांनी कड्यांचे समतोल-गणित मांडले. फ्लोरी यांच्या मते दाट वितळात कड्यांचा वाटा किरकोळ, म्हणून तो सोडून द्यायला हरकत नाही. हॅम्बुर्गचे हान्स क्रिचेल्डॉर्फ यांनी २००० नंतर याला आव्हान दिले: कडी होणे प्रत्येक टप्प्यावर वाढीशी स्पर्धा करते, आणि अभिक्रिया खरोखर पूर्णत्वाला गेली तर शेवटी कड्याच उरतील. त्यांनी अनेक प्रणालींत कड्या दाखवल्याही. त्यांच्या टीकाकारांचे म्हणणे असे की कारखान्यातल्या दाटीत ही अवस्था येतच नाही. दोन्ही बाजू आपापल्या परिस्थितीत बरोबर ठरतात. सीमा नेमकी कुठे, हे प्रत्येक मोनोमरला वेगळे येते.

तिसरा वाद उत्प्रेरकाचा. झिग्लर पद्धतीच्या पॉलिमरमध्ये लांबीचे विखुरण बरेच रुंद असते. एका पक्षाच्या मते उत्प्रेरकाच्या कणावर वेगवेगळ्या स्वभावाच्या जागा असतात. दुसरा पक्ष म्हणतो, जागा सारख्याच आहेत. पण कणाभोवती पॉलिमर जमल्याने मोनोमर आत पोचायला वेळ लागतो. १९८० च्या सुमारास सिन आणि कामिन्स्की यांचे मेटॅलोसीन उत्प्रेरक आले. एकाच प्रकारच्या जागेमुळे विखुरण फ्लोरी यांच्या अंदाजाइतके अरुंद निघाले आणि पहिल्या पक्षाचे पारडे जड झाले. मोनोमर आत पसरण्याचा वाटा शून्य आहे, असे मात्र कोणी म्हणत नाही. फिलिप्स कंपनीच्या क्रोमियम उत्प्रेरकाची गाठ याहून घट्ट. १९५१ मध्ये तो सापडला, आणि उच्च घनतेच्या पॉलिथिलीनचा मोठा वाटा त्यावर बनतो. पण त्यात बाहेरून कार्बन देणारे काही घालत नाहीत. मग पहिली साखळी सुरू होते कशी? २०१४ मध्ये झुरिचच्या गटाने एक मार्ग सुचवला, त्याला लगेच प्रतिवाद झाला. प्रश्न अजून खुला आहे.

लहान साखळ्यांची दुहेरी भूमिका

या सगळ्या चर्चेत लहान साखळी बहुतेक वेळा अपयश म्हणून येते. ते अर्धेच खरे. तुर्भ्यात लुब्रिझॉलचा वंगणाच्या मिश्रद्रव्यांचा कारखाना आहे. या धंद्यात आखूड पॉलिआयसोब्युटिलीन इंजिनातली काजळी तरंगत ठेवायला लागते आणि लांब साखळ्या तेल पातळ होऊ नये म्हणून लागतात. शेलच्या पद्धतीने इथिलीनपासून मुद्दाम मध्यम लांबीच्या साखळ्या बनवतात. त्यांपासून साबण-पावडरीचे घटक होतात.

नको असलेल्या लहान साखळ्यांचा त्रासही खरा. पॉलिएस्टरमध्ये एक-दोन टक्के कड्या राहतात. त्यांतली तीन घटकांची कडी जास्त. १३० अंशांना कापड रंगवताना ती बाहेर येते आणि धाग्यावर व यंत्रावर तिची पांढरी पूड बसते. अन्नाच्या वेष्टनातून असे लहान रेणू किती झिरपतात आणि त्यांचे शरीरावर काय होते, हा नियामकांपुढचा तुलनेने नवा प्रश्न आहे. मोनोमरसाठी मर्यादा ठरलेल्या असतात. मधल्या लांबीच्या शेकडो रेणूंची माहिती तुटपुंजी आहे.

साखळी उलटवणे

महाराष्ट्राने मार्च २०१८ मध्ये प्लास्टिकच्या अनेक वस्तूंवर बंदी घातली. केंद्राच्या २०२२ च्या नियमांत उत्पादकांची जबाबदारी अधिक स्पष्ट झाली आणि वेष्टनात पुनर्वापरित प्लास्टिकचा हिस्सा ठरवण्यात आला. आता लांबीचा प्रश्न उलट्या बाजूने विचारला जातो आहे.

यांत्रिक पुनर्वापराच्या समर्थकांचे म्हणणे: वितळवून दाणा करणे स्वस्त आणि कमी ऊर्जेचे. अडचण अशी की प्रत्येक वितळीत साखळी बदलते. ओलसर पॉलिएस्टर पाण्याने तुटते, म्हणून ते आधी कोरडे करावे लागते आणि कधी लांबी जोडणारी रसायने घालावी लागतात. पॉलिप्रोपिलीन तुटते, पॉलिथिलीनमध्ये तुटणे आणि जुळणे दोन्ही होते. रासायनिक पुनर्वापराच्या समर्थकांना साखळी मोनोमरपर्यंत मोडायची आहे. पॉलिएस्टर ग्लायकॉलने उघडता येते, कारण पायरीच्या रीतीची प्रत्येक पायरी परतीची असते. अ‍ॅक्रिलिकही तापवले की बहुतांश मोनोमर देते. पॉलिथिलीन तसे करत नाही. ते तापवले की नाना लांबीचे तुकडे मिळतात, आणि इथिलीन हवे असेल तर त्यांना पुन्हा क्रॅकरमध्ये घालावे लागते. ऊर्जा आणि उत्पन्नाचा हिशेब जमतो का, यावर दोन्ही पक्षांचे आकडे जुळत नाहीत, कारण हिशेबाच्या सीमा वेगळ्या आखलेल्या असतात.

आज कुठे उभे आहोत

सरासरी लांबीचा प्रश्न जवळपास सुटला आहे. कॅरोथर्स आणि फ्लोरी यांचे गणित, हायड्रोजनचे नियंत्रण, घन अवस्थेतली वाढ यांनी कारखाने चालतात. विखुरणाचा प्रश्न अर्धा सुटला आहे: मेटॅलोसीन आणि जिवंत पद्धतींनी ते अरुंद करता येते, दोन अभिक्रियापात्रे जोडून मुद्दाम दोन लांबींचे मिश्रण करता येते, पण स्वस्त आणि जुन्या उत्प्रेरकांत ते नेमके का रुंद होते यावर वाद शिल्लक आहे. कड्यांचा आणि लहान साखळ्यांचा प्रश्न तर मोजमापाच्याच टप्प्यावर आहे. उलट प्रवासाचा प्रश्न सर्वात मागे आहे. त्यात रसायनाची अडचण जितकी, तितकीच ऊष्मागतिकीची: जो बंध बनताना भरपूर उष्णता सोडतो, तो परत सोडवायला तेवढीच मोजावी लागते. पॉलिथिलीन इतके टिकाऊ का आणि त्यापासून इथिलीन परत मिळवणे इतके अवघड का, या दोन्हींचे उत्तर एकाच बंधात आहे. म्हणून आता संशोधनाचा एक प्रवाह जुन्या साखळ्या मोडण्याऐवजी अशा साखळ्या घडवू पाहतो ज्यांच्या कण्यात ठरावीक अंतरावर सोडवता येणारा बंध घातलेला असेल. ताकद न घालवता हे अंतर किती ठेवायचे, हा पुढचा मोजायचा आकडा आहे.